एका धातूचे पान

मराठी माध्यमातून शिकून पदव्युत्तर अभ्यासासाठी पुण्यात आल्यावर मी अवघड इंग्रजी शब्दांची एक लांबलचक यादी वर्णक्रमाने पाठ करायला घेतली होती. चार महिन्यांनी तिच्यातले फारसे काही स्मरणात उरले नव्हते. त्याहून मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. शंका विचारण्यासाठी वेळ मागणाऱ्या पत्रात मी ‘इंटरॉगेट’ हे क्रियापद वापरले, तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी शांतपणे सांगितले की हा शब्द संशयिताची चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या तोंडी शोभतो.

यादीत ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ यांच्यापुढे जवळजवळ एकच अर्थ लिहिलेला होता. पहिला शब्द जुन्या इंग्रजीतला, दुसरा 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून रुळलेला, तिसरा थेट लॅटिनमधून घेतलेला. विचारणे, चौकशी करणे आणि पृच्छा करणे यांतला फरक मराठी माणसाला जसा आपोआप जाणवतो, तसा तो इंग्रजीत जाणवू लागेपर्यंत शब्द आपला झाला असे मी आता मानत नाही.

म्हणून मी यादी सोडून धातूंची वही केली. तिचे माझे सर्वांत आवडते पान ‘रोगारे’ या लॅटिन क्रियापदाचे आहे. त्याचा अर्थ विचारणे, आणि रोममध्ये कायदा करायचा म्हणजे अधिकाऱ्याने तो नागरिकांच्या सभेपुढे ठेवून तिचे मत विचारायचे. त्यामुळे केलेला कायदा रद्द करणे ते ‘ॲब्रोगेट’. 2019 साली कलम 370 च्या बातम्यांत हा शब्द आपण सर्वांनी वाचला. कायद्याचा काही भाग काढून घेण्यावरून कमीपणा आणणारे ते ‘डेरॉगेटरी’, आणि ज्या गटाला मत सर्वांआधी विचारले जाई त्याच्या मानावरून विशेषाधिकार म्हणजे ‘प्रेरॉगेटिव्ह’. ‘सरोगेट’ आणि ‘ॲरोगंट’ हेही याच घरातले.

मात्र व्युत्पत्तीने शब्द लक्षात राहतो, वापरता येतोच असे नाही. मराठीत दंड ठोठावतात, कर्ज फेडतात, उपवास सोडतात. क्रियापदांची अदलाबदल केली तर वाक्य परके वाटते. इंग्रजीतही चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि पाऊस ‘हेवी’. त्यामुळे वाचनात शब्द ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य मी उतरवून घेते, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थाचा भाग झाकून पाहते, आणि निरनिराळ्या लेखकांची किमान तीन वाक्ये जमेपर्यंत तो शब्द स्वतःच्या लेखनात आणत नाही. ‘प्रेरॉगेटिव्ह’ची दोन जमली आहेत.