रॅपरवरची एक ओळ

२०२० चा ऑक्टोबर. ५ तारखेपासून राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेनं उघडली होती, पण सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या अण्णांच्या शेडमध्ये अजून सामसूमच होती. अण्णा लॉजवाल्यांना पुरवायच्या छोट्या साबणवड्या बनवायचे. मार्चपासून मशिन बंद होतं, कामगार गावाकडे गेलेले. माझे रसायनशास्त्राचे क्लासही लॉकडाऊनमध्ये बसले होते. त्यांची जागा आणि परवाना, माझी बी.एस्सी. आणि भिशीचे पैसे, असं आमचं जमलं. त्यांच्या युनिटवर मी लोन लायसन्स, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवायचा परवाना, काढलं. त्या कागदपत्रांतच उन्हाळा गेला. (साबण विकायचा तर परवाना लागतोच. स्वयंपाकघरात बनवून विकू का, असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हे सांगते.)

साबणच का, तर शेजारच्या वहिनींमुळे. त्या मिरजेत कोविड वॉर्डला नर्स. दिवसभर हात धुवायचे, वर सॅनिटायझर. बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त यायचं, आणि त्याच हातांनी पुन्हा ग्लोव्हज चढवायचे. मोठ्या कारखान्यांत साबण बनताना सुटणारं ग्लिसरीन बहुतेक वेळा वेगळं काढून घेतात. हातानं बनवलेल्या साबणात ते तसंच राहतं. त्यात मी कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा तीव्र क्षार, हिशेबापेक्षा पाच टक्के कमी घेते, म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. अर्धं खोबरेल, चाळीस टक्के शेंगदाणा तेल, उरलेलं एरंडेल, अशा एक किलो तेलाला साधारण १५१ ग्रॅम कॉस्टिक बसतं. माझ्या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे हा हिशेब.

त्या दिवशी सकाळी एक डिस्ट्रिब्युटर शेडवर आले. जिल्ह्यातल्या मेडिकल दुकानांना माल देणारा माणूस. वडी हातात घेतली, वास घेतला, नळावर हात धुऊन बघितले. म्हणाले, "ताई, माल एक नंबर आहे. दिवाळीला दोन हजार वड्या उचलतो. निम्मे पैसे आत्ता देतो."

निम्म्या पैशात तेलवाल्याची उधारी फिटत होती, अण्णांचं दोन महिन्यांचं भाडं जात होतं, आणि मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी फोन येत होता. वेळही तीच होती. माझ्या पद्धतीच्या साबणाला साच्यातून काढल्यावर चार आठवडे वाळवावं लागतं. नरक चतुर्दशी १४ नोव्हेंबरला. वडी आठवडाभर आधी दुकानात हवी, म्हणजे तेल त्या दोन-तीन दिवसांतच ओतायला हवं होतं.

मग ते म्हणाले, "फक्त रॅपरवर एक ओळ टाका. कोरोना विषाणूपासून ९९.९ टक्के संरक्षण."

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मी कायद्याला घाबरले. कायदा आहेच. रोग टाळतो किंवा बरा करतो असं छापलं की ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरतं, आणि माझा परवाना औषधाचा नव्हता. पण "कोण बघतंय ताई, आत्ता सगळेच छापतायत" यावर कायद्याचं उत्तर पुरत नाही. म्हणून मी बाटलीत पाणी घेतलं, वर चमचाभर तेल ओतून हलवलं. तेल पुन्हा वर आलं. मग साबणाचा कीस टाकून हलवलं, तेव्हा ते पाण्यात मिसळून दुधाळ झालं. क्लासमध्ये पोरांना शेकडो वेळा दाखवलेला प्रयोग.

म्हटलं, "या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. साबणाच्या कणाचं एक टोक पाणी धरतं, दुसरं चरबी. वीस सेकंद चोळलं की ते आवरण फुटतं आणि सगळं पाण्याबरोबर वाहून जातं. हे माझी साठ रुपयांची वडी करते, आणि दहा रुपयांचीही करते."

"मग छापायला काय हरकत आहे? खरंच तर आहे!"

हरकत तिथंच होती. माझ्या वडीवर ती ओळ आली की शेजारची दहा रुपयांची वडी वाचवत नाही असा तिचा अर्थ होतो. यंत्रमाग बंद पडलेल्या घरात, हातावर पोट असणाऱ्याच्या घरात तीच दहाची वडी आहे. त्या बाईनं दुकानात उभं राहून माझं रॅपर वाचायचं आणि आपल्या पोरांचे हात पुरेसे धुतले जात नाहीत अशी धास्ती घेऊन परत जायचं? सप्टेंबरात सांगली-मिरजेत बेडसाठी लोक कसे फिरत होते ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या भीतीवर मला साबण विकायचा नव्हता. मी त्यांना हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. आवाज चढला होता माझा.

ते शांतपणे उठले. "विचार करा, संध्याकाळपर्यंत फोन करा," म्हणाले आणि गेले.

अण्णा एवढा वेळ स्टुलावर गप्प बसून होते. भाडं त्यांचं थकलेलं, त्यांच्या घरीही मिळकत नव्हती. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "कॉस्टिक किती तोलू?"

दुपारी आम्ही दोनशे वड्यांचा घाणा घेतला. उधारीत तेवढंच तेल मिळालं होतं. चष्मा, ग्लोव्हज, दारं उघडी. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. भांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं. दिवाळीचा म्हणून त्यात सांगलीची हळद घातली. हळद घातल्याबरोबर सगळं लालभडक झालं. अण्णा दचकले. हळदीला कॉस्टिकसारखी अल्कली लागली की ती लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू होतं ते याच गुणानं. वडी वाळत जाईल तसा तो लाल उतरून गेरूसारखा रंग राहतो. कस्टर्डसारखं दाट झाल्यावर मिश्रण साच्यात ओतलं आणि ऊब राहावी म्हणून वर गोधड्या टाकल्या.

संध्याकाळी मी त्यांना फोन करून नकार कळवला. मग प्रिंटरला रॅपरचा मजकूर पाठवला: घटक, बॅच नंबर, लायसन्स नंबर, वजन, किंमत, पत्ता. त्याखाली, "भेगा पडणाऱ्या हातांसाठी. हात वीस सेकंद धुवा, साबण कुठलाही चालेल." प्रिंटरचा लगेच फोन आला, "ताई, शेवटचं चुकून आलंय का?" मी म्हटलं, नाही, तेवढं जरा ठळक टाका.

वड्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झाल्या. वहिनींनी त्यांतल्या निम्म्या त्यांच्या वॉर्डातच खपवल्या. अण्णांचं भाडं मात्र फेब्रुवारीत फिटलं.