बोट चालवण्याचा दाखला आणि फेरी नाकारण्याचा अधिकार

पुण्याच्या आसपास पाण्याला तोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी आणि पलीकडे उजनी, असे जलाशय दीड-दोन तासांच्या अंतरात पसरलेले आहेत. दापोडीच्या सीएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, लष्कराचे रोइंगपटू (वल्ह्यांच्या शर्यतीचे खेळाडू) घडतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या दत्तू भोकनळची तयारी तिथेच झाली. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची रेगाटा, म्हणजे नौकाक्रीडेचा सोहळा, तर शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र ही सगळी खेळाची आणि शिस्तीची बाजू झाली. सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन आपल्या मुलाबाळांना धरणाच्या पाण्यात फिरवून आणणाऱ्या माणसाने प्रशिक्षण कुठे घेतले, कोणाकडून घेतले आणि ते तपासले कोणी, हे आपण सहसा विचारत नाही. रिक्षात बसताना निदान चालकाचा बिल्ला तरी नजरेस पडतो.

कायदा नाही असे नव्हे. अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी १९१७ पासून कायदा होता. त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यांत्रिक बोटींची नोंदणी, सर्वेक्षण (म्हणजे बोटीची तपासणी) आणि चालक-कर्मचाऱ्यांची पात्रता या तिन्ही गोष्टींची तरतूद आहे, आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्यांचाही त्यात विचार झालेला आहे. सारंग, मास्टर, इंजिन ड्रायव्हर ही पदे आणि त्यांचे दाखले जुन्या कायद्यापासूनच चालत आले आहेत. पर्यटनाच्या छोट्या बोटींसाठी गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट हाताळणीचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. कागद पुरेसे आहेत. प्रश्न आहे तो शिकवणाऱ्याचा.

उत्तम बोट चालवणारा माणूस उत्तम शिकवेलच असे नाही, हे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनसारख्या संस्थांनी फार पूर्वी ओळखले आणि प्रशिक्षकाची पात्रता चालकाच्या पात्रतेपासून वेगळी ठेवली. त्यांच्या पॉवरबोट अभ्यासक्रमात एका बोटीवर एका प्रशिक्षकाकडे तीनच विद्यार्थी असतात. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण पंचवीस जणांना सभागृहात बसवून, पडद्यावर चित्रे दाखवून आणि शेवटी गटाचा फोटो काढून दिलेले प्रमाणपत्र पाण्यावर उपयोगी पडत नाही.

एका जलाशयावर मी पाहिलेला प्रसंग सांगतो. प्रशिक्षणाला बसवलेले एक वयस्कर नावाडी आधीच वैतागले होते. ‘‘साहेब, या पाण्यात आमची हयात गेली. आता बोट हाकायला शिकायची व्हय?’’ तरुण प्रशिक्षकाने वाद घातला नाही. त्याने पाण्याने भरलेल्या कॅनला एक जुने लाइफ जॅकेट बांधले, बोट वेगात असताना ते पाण्यात फेकले आणि म्हणाला, ‘‘मामा, हा माणूस आहे. याला वर घ्या.’’ मामांनी बोट अशी झोकात वळवली की बघत राहावे. कॅनपाशी ते क्षणात पोहोचले, पण इंजिन गिअरमध्येच राहिले आणि बोटीची मागची बाजू इंजिनाच्या फिरत्या पंख्यासकट कॅनवर आली. प्रशिक्षक एवढेच म्हणाला, ‘‘पंखा फिरतोय, मामा.’’ पुढच्या खेपेला मामांनी वारा कुठून आहे ते पाहिले, वेग आधीच तोडला, कॅन सुकाणूजवळच्या बाजूला घेतला, तो हाताशी येताच इंजिन बंद केले आणि मगच हात घातला. हयातभराचे कसब होतेच. त्याला क्रम मिळाला.

त्याच दिवशी किल कॉर्डचाही विषय निघाला. ही लाल, गुंडाळीची दोरी असते. तिचे एक टोक चालकाच्या पायाला आणि दुसरे इंजिनाच्या स्विचला अडकवायचे, म्हणजे चालक बाहेर फेकला गेला तर इंजिन आपोआप बंद पडते आणि बिनचालकाची बोट पाण्यातल्या माणसाभोवती गरगरत राहत नाही. आपल्याकडे ती पुष्कळदा स्विचलाच कायमची गुंडाळून ठेवलेली दिसते.

हाताळणी शिकवता येते, पण त्यापुढची गोष्ट अवघड आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. वळवाचा वारा कुठल्या डोंगरावरून उतरतो आणि किती वेळात पाणी उसळते, हे धरणकाठच्या माणसाला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कळते. माणसे जास्त झाली की बोट जड होते एवढेच नाही, तर काठ पाण्याजवळ येतो, आणि एखादी लाट आत आली की भेदरलेले प्रवासी एकाच बाजूला उठून उभे राहतात, हेही त्याला माहीत असते. पण फेरीवर पैसे मिळत असतील, बोट ठेकेदाराची असेल आणि धक्क्यावर रांग खोळंबलेली असेल, तर ‘आता नाही’ म्हणण्याची किंमत एकट्या चालकाला मोजावी लागते. दाखल्याने त्याला कौशल्याची पावती मिळते. नकाराचा अधिकार मिळत नाही.

म्हणून माझ्या मते अभ्यासक्रमात ठेकेदारालाही बसवावे, आणि चालकाने नाकारलेल्या फेरीची मजुरी कापता येणार नाही, ही अट ठेक्यातच घालावी. परीक्षाही सकाळच्या निवांत पाण्यात घेऊ नये. मे महिन्यात, दुपारी चारनंतर, मंजूर क्षमतेइतकी वाळूची पोती बोटीत भरून घ्यावी. त्यात एक भाग असा असावा की परीक्षकानेच प्रवासी व्हावे, जादा दोन माणसे घेऊन चढावे, ‘‘अहो, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे’’ म्हणून गळ घालावी, वर जादा पैसेही पुढे करावेत. त्यांना खाली उतरवल्याशिवाय जो दोर सोडणार नाही, त्यालाच दाखला द्यावा. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला मात्र हाच प्रसंग दुसऱ्याकडून करून घेता आला पाहिजे, आणि तोही समोरच्या वयस्कर नावाड्याचा चारचौघांत पाणउतारा न करता.