सुट्टीआधीचे चार वर्ग

मे महिना लागला की परदेशातल्या लहान मुलांचे मराठीचे ऑनलाइन वर्ग विस्कटायला लागतात. तिकडे शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. शाळेचे कार्यक्रम, पोहण्याच्या स्पर्धा, मित्रांचे वाढदिवस असं सगळं शनिवार-रविवारवरच येऊन पडतं. संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर उजेड असतो आणि सहा वर्षांचं मूल स्क्रीनसमोर बसायला तयार नसतं. इकडे नाशिकमध्ये बसून शिकवणाऱ्या ताईंची घालमेल होते. जोडाक्षरं राहिलीत, र चे प्रकार राहिलेत, क्ष आणि ज्ञ तर दाखवलेच नाहीत! मग उरलेल्या तासांत सगळं कोंबलं जातं. इथेच वर्षभराची मेहनत वाया जाते. घाईत दाखवलेलं अक्षर सुट्टीत सगळ्यात आधी पुसलं जातं, आणि जाताना शेजारचं कच्चं अक्षरही घेऊन जातं.

म्हणून शेवटचे चार वर्ग नव्या अक्षरांना पूर्ण बंद ठेवावेत. ते आजीच्या घरासाठी राखायचे. मूल जूनमध्ये किंवा जुलैअखेर नाशिकला उतरेल, तेव्हा दारात उभं राहून त्याला काय बोलता येईल आणि रस्त्यावर काय वाचता येईल, एवढाच हिशोब धरायचा.

आधी कॅलेंडर. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी लागत नाही. अमेरिकेत दक्षिणेकडच्या बऱ्याच शाळा मेअखेर संपतात, न्यू जर्सी-न्यू यॉर्ककडच्या जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. इंग्लंडमध्ये जुलैचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. ऑस्ट्रेलियाचं शालेय वर्ष डिसेंबरमध्ये संपतं, त्यामुळे तिथल्या मुलांसाठी मे म्हणजे वर्षाचा मध्य. एकाच वर्गात न्यू जर्सी आणि लंडन दोन्हीकडची मुलं असतील, तर पहिल्या मुलाची सुट्टी धरून चार आठवडे मागे मोजायचे. उरलेल्यांना जास्तीचा सराव मिळाला तर बिघडत नाही. आपल्याकडचंही लक्षात ठेवायचं: मेमध्ये पावसाआधीच्या देखभालीसाठी वीज जाते. राउटरला छोटा यूपीएस आणि फोनवर हॉटस्पॉट तयार हवा. वर्ग पाच मिनिटं तुटला की या वयाची मुलं खेळायला पळतात आणि परत येत नाहीत.

या चारपैकी पहिल्या वर्गाच्या शेवटी प्रत्येक मुलाची तीन मिनिटं वेगळी तपासणी घ्यावी. दहा अक्षरं, क्रम मोडून. पाच बिनकानामात्र्याचे शब्द: घर, नळ, बदक, मगर, कमळ. पाच खुणांचे: मामा, पाणी, किती, दिवा, फुगा. शेवटी एक चित्र, आणि ‘यात काय चाललंय?’ एवढा एकच प्रश्न. अक्षर ओळखायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ते कच्चं धरायचं. ‘क का कि की’ तालात म्हणून दाखवणारी मुलं इथे हमखास अडकतात, कारण त्यांना बाराखडीची चाल पाठ असते, अक्षर ओळखता येत नसतं. कच्ची अक्षरं दहा-बारा निघाली तरी त्यातली पाच-सहाच पुढच्या तीन वर्गांत घ्यावीत. बाकीची सप्टेंबरमध्ये, वर्ग पुन्हा सुरू झाल्यावर.

‘किती’ हा शब्द या तपासणीत मुद्दाम ठेवलाय. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाची नजर डावीकडून एकेक खूण उचलत जाते. त्याला आधी वेलांटी दिसते, मग क, म्हणून ते ‘इकती’ वाचतं. समजावून सांगून हे सुटत नाही. कागदाची बोटभर पट्टी घ्यायची, वेलांटी झाकायची, क म्हणायला लावायचा, मग पट्टी सरकवायची: कि. दहा-पंधरा शब्द असे झाले की नजरेला वळण लागतं. लिहितानाही आधी क, मग वेलांटी. त्यासाठी क च्या डावीकडे बोटभर जागा सोडायला शिकवावं, नाहीतर वेलांटी आधीच्या अक्षरावर चढते.

आता शिरोरेघ. परदेशातल्या वह्यांच्या छापील ओळी बघून मुलं एक शक्कल काढतात: आधी लांबलचक रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. दिसायला छान दिसतं. पण भ, ध आणि थ यांची रेघ मध्ये तुटलेली असते. ती अखंड झाली की भ चा म होतो, ध चा घ, थ चा य. ‘भात’ लिहिलेलं ‘मात’ वाचलं जातं, ‘धर’ चं ‘घर’ होतं. पालकांना वाटतं मूल अक्षरं विसरलं. खरं तर त्याला अक्षर येत असतं, चूक फक्त क्रमाची असते. संपूर्ण शब्द आधी, रेघ शेवटी, आणि भ-ध-थ पाशी पेन्सिल उचलायची. ‘उचल!’ असं मोठ्याने म्हणत लिहायला लावलं की दोन वर्गांत सुधारतं. मात्र त्यासाठी मुलाचा हात दिसायला हवा, चेहरा नव्हे. आईबाबांच्या फोनवरून दुसरं लॉगिन घ्यायचं, पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवून कॅमेरा वहीवर रोखायचा.

वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावत असाल, तर मुलाच्या स्क्रीनवरची ‘मिरर’ सेटिंग बंद करायला सांगा. आपल्याला वही सुलटच दिसते, पण मुलाला स्वतःचं अक्षर उलटं दिसतं आणि काही मुलं बरोबर लिहिलेलं खोडून उलटं काढतात. फॉन्टचाही असाच घोळ होतो. बऱ्याच संगणकांवरच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवलेले आहेत. मूल स्क्रीनवर एक ल शिकतं आणि नाशिकच्या पाटीवर त्याला दुसरा भेटतो. शेवटच्या वर्गांत दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवून ‘दोन्ही ल च’ एवढं दाखवून द्यावं.

वाचनाच्या सरावाला पुस्तक शोधत बसू नये. नाशिक जिल्ह्याच्या गावांची नावं म्हणजे तयार चढण आहे, आणि ती मुलाला पुढे एसटीच्या पाटीवर प्रत्यक्ष भेटतात. सुरुवात ‘कळवण’पासून: चार अक्षरं, एकही खूण नाही. मग काना: मनमाड, सटाणा. मात्रा: पेठ, येवला, देवळा, मालेगाव. वेलांटी आणि उकार: निफाड, सुरगाणा, इगतपुरी. अनुस्वार: नांदगाव, चांदवड, दिंडोरी. जोडाक्षरासाठी एकच, सिन्नर. ‘त्र्यंबकेश्वर’ फोडून वाचायला सांगू नये. तो शब्द देवळाच्या फोटोसकट चित्रासारखा ओळखू द्यावा. रोज एक, मोठ्या अक्षरात, कार्डावर. ‘कळवण’ पहिलं ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. ळ आणि ण हे परदेशात वाढणाऱ्या मुलांना सगळ्यात जड जाणारे उच्चार, आणि या एका शब्दात दोन्ही आहेत. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि तिथून सोडायचं. आधी ळ-ळ-ळ, मग बाळ, फळ, केळं, मग कळवण. मुलाच्या तोंडाजवळ आरसा ठेवला की त्याला जीभ कुठे जाते ते दिसतं.

दुकानांच्या पाट्या हे दुसरं भांडार. राज्यात त्या मराठीत असणं बंधनकारक आहे, आणि त्यांतले कितीतरी शब्द देवनागरीत लिहिलेले इंग्रजीच असतात: मेडिकल, मोबाईल, केक, आईस्क्रीम, टेलर. मराठी शब्द वाचला तरी मुलाला बरेचदा अर्थ लागत नाही, त्यामुळे बरोबर वाचल्याचा आनंद होत नाही. ‘मे-डि-क-ल’ जोडताच मात्र डोळे चमकतात! कॉलेज रोडवरचे किंवा मेन रोडवरचे आठ-दहा पाट्यांचे फोटो आधीच काढून ठेवा आणि तिसऱ्या वर्गात दाखवा. पुढे तीच पाटी आजोबांचा हात धरून खरी वाचली की ते अक्षर कायमचं बसतं. फक्त ॲ आणि ऑ च्या चंद्राची ओळख आधी करून द्या, नाहीतर ‘बॅग’ चं ‘बेग’ होतं.

बोलण्याकडे आता येते, कारण घरच्यांना त्याचंच सगळ्यात जास्त सुखदुःख असतं. ही मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. चार वर्गांत संभाषण शिकवता येत नाही, पण दहा-बारा वाक्यं पक्की करता येतात: ‘मला थोडंच वाढ’, ‘पुरे’, ‘अजून हवंय’, ‘तिखट आहे का?’, ‘मला नको, पोट भरलं’, ‘मी पण येऊ?’, ‘हे काय आहे?’ पुरे हा शब्द नाशिकच्या कुठल्याही घरात पहिल्याच जेवणाला लागतो. तो आधी शिकवा.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडते. मुलगा ‘मी जाते’, ‘मी दमले’ असं बोलतो. घरात मराठी बोलणारी आईच असेल तर त्याने ‘मी’ च्या पुढे ‘जाते’च ऐकलेलं असतं. बाबाच मराठी बोलत असतील तर मुलगी ‘मी आलो’ म्हणते. भावंडं हसली की मूल पुन्हा तोंड उघडत नाही, म्हणून हे सुट्टीआधीच काढायला हवं. व्याकरण सांगू नका. मुलग्यांची रांग आणि मुलींची रांग करा आणि एकच प्रश्न फिरवा: ‘तू काय करतोस?’ ‘मी खेळतो.’ ‘तू काय करतेस?’ ‘मी खेळते.’ प्रश्नातच उत्तराचा शेवट लपलेला असतो, ते मुलं लवकर पकडतात. आईने घरी मुलाच्या वतीने बोलून दाखवायचं: ‘म्हण, आजोबा, मी आलो.’

आजोबांना ‘तू’ की ‘तुम्ही’, हा दुसरा प्रश्न. बऱ्याच घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ चालतं, काही घरांत दोघांनाही ‘तुम्ही’. आपण ठरवू नये, पालकांना विचारावं. सोबत घरातल्या सहा माणसांचे फोटो मागवून घ्यावेत, प्रत्येकाखाली मूल त्यांना काय हाक मारणार ते लिहून: आत्या, मावशी, काकू, मामी. चौथ्या वर्गात फोटो दाखवला की हाक आणि एक वाक्य. ‘मामी, पाणी देतेस?’ की ‘देता?’ हेही तिथेच ठरतं.

शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम छोटा ठेवा. आठ मुलं, प्रत्येकी चाळीस सेकंद, जोडीला ओळख आणि टाळ्या, म्हणजे अर्ध्या तासात आटपतं. सगळ्यांनी मिळून ऑनलाइन गाणं म्हणायचा हट्ट नको. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो आणि ताल फुटतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांचे माइक बंद, हातवारे मात्र सगळ्यांचे. टाळ्या किंवा टाळ वाजवणार असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर झूम त्यांना गोंगाट समजून गाळून टाकतं. प्रमाणपत्रावरचं नाव देवनागरीत कसं लिहायचं ते आधी विचारा: अयन की अयान, आर्य की आर्या. फाइल पीडीएफ करूनच पाठवा, नाहीतर पलीकडे जोडाक्षरं फुटतात.

पालकांना जाताना एक चिठ्ठी द्यावी, आणि त्यात ‘छान प्रगती’ लिहू नये. असं लिहावं: ‘बिनकानामात्र्याचे शब्द अडखळत का होईना स्वतः वाचते. ह्रस्व वेलांटीत चुकते. ध आणि घ मध्ये गोंधळ, कारण रेघ आधी मारते. सुट्टीत आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं, गावांची कार्डं. नवीन अक्षर देऊ नका.’ घरच्यांना नेमकं काम मिळालं की ते करतात. वीस पानांचा कार्यपत्रिकांचा गठ्ठा मात्र सामानात जातो आणि तसाच परत येतो.

नाशिकला येणाऱ्या कुटुंबांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. नाशिकमधल्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. तिकडची मुलं येतात तेव्हा इथली भावंडं दिवसा शाळेत असतात. दिवसभर मूल मोठ्यांमध्ये एकटं पडतं आणि टॅबलेट हातात येतो. म्हणून सकाळचा वेळ आजी-आजोबांसोबत बाहेरच्या कामांचा ठेवावा: भाजी आणणं, सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, जाऊन गाड्यांच्या पाट्या वाचणं, १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर. भाजीवाल्याला विचारायचं वाक्य एकच, ‘केवढ्याला?’, आणि आकडे फक्त दहा, वीस, पन्नास, शंभर. एकोणतीस-एकोणचाळीसच्या वाटेला आत्ता जायचं नाही.

सप्टेंबरची वेळ निघण्याआधीच ठरवून टाका. न्यू जर्सीचा शनिवार सकाळी साडेनऊचा वर्ग नाशिकमध्ये संध्याकाळी सातला असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की तोच वर्ग आपल्याकडे आठला येतो. लंडनचा हा बदल आठवडाभर आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दोन्ही तारखा आत्ताच पालकांना कळवाव्यात. सप्टेंबरच्या पहिल्या वर्गाला तपासणी ठेवू नका. प्रत्येक मुलाने सुट्टीत स्वतः वाचलेल्या एका पाटीचा फोटो आणायचा आणि ती सगळ्यांना वाचून दाखवायची.