ट्राउटचे धडे, चोणकाची शाळा

हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात चार दिवस राहून फ्लाय फिशिंग (पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासेमारी) शिकलो आणि मे महिन्यात गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, त्यातले निम्मे विसरलो. विसरावेच लागले.

तिथे शिकवणाऱ्याच्या खिशात कायम थर्मामीटर असायचा. ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी तापेल तसा त्यातला प्राणवायू घटतो. २० अंशांच्या पुढे दमवलेला मासा सोडून दिला तरी जगेलच असे नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सुरुवात, ऊन चढले की बंद.

तेच डोक्यात धरून मी जुन्या गोव्याहून पहाटेची फेरीबोट पकडली. बांधावर पोचून थर्मामीटर बुडवला तर ३१! ट्राउट केव्हाच उलटा झाला असता. चोणकाला (खाडीतला शिकारी मासा) मात्र हेच पाणी मानवते.

तीन पहाटा कोरड्या गेल्या. एक फ्लाय खारफुटीत, एक माझ्याच टोपीत. पिसांच्या त्या तुकड्याला वजन नसतेच, फेकायची असते ती जाड दोरी. ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचे, मग हात पुढे. खाजनावर (बांधाआडची खारी शेतजमीन) वारा सुटला की एवढा धीर कुणाला!

मानस सांभाळणारे काका गंमत बघत होते. (त्यांना विचारूनच उभा राहिलो होतो. मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो, उगाच वाद नको.) चौथ्या दिवशी म्हणाले, "पुता, सूर्याक कित्याक पळयता? उदक पळय." (सूर्याकडे कशाला बघतोस, पाणी बघ.)

सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाजनातले पाणी मानशीतून नदीत पडते, त्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि बारीक मासळी. चोणक बाहेर तोंडाशीच दबा धरून असतो. मानशीला जाळे नव्हते अशा दिवशी सुकती होती दुपारी दोनला. डोके भाजत होते, पण गेलो.

तिसऱ्या फेकीला दोरी ताणली. तीर्थनच्या सवयीने रॉड वर उचलला आणि फ्लाय अलगद सुटून आली. चोणकाचे तोंड कडक. रॉड पाण्याच्या रोखाने खालीच ठेवून डाव्या हाताने दोरी खसकन मागे ओढायची, तेव्हा गळ रुततो. पुढचा लागला, एकदा पाण्याबाहेर उसळला आणि गेला. तंगुसाचे टोक सुरीने कापावे तसे. त्याच्या कल्ल्यांची झाकणे खरेच तेवढी धारदार असतात. मी लावली होती ट्राउटची केसासारखी तंगूस!

दुसऱ्या दिवशी जाड तंगूस बांधून गेलो. सुकतीही तासभर उशिरा. पहिल्याच झटक्याला डावा हात बरोबर चालला, दहा मिनिटांनी कोपराएवढा चोणक बांधाला लागला.

तीर्थनला धरलेला प्रत्येक मासा मी परत सोडला होता. इथेही वाकलो. काकांनी चोणकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पिशवी उघडून धरली.