थकबाकीची यादी आणि चूजकॉल्स

आज सोसायटीच्या थकबाकीची यादी काढली. मूळ शीटमध्ये फ्लॅट, नाव, मोबाईल, गाडीचा नंबर, भाडेकरूची माहिती, सगळंच. कमिटीला हवं होतं फक्त फ्लॅट, नाव आणि शेवटच्या कॉलममधली थकबाकी. लोकांचे मोबाईल नंबर उगाच ग्रुपवर फिरावेत हे मला अजिबात पटत नाही.

त्याच गूगल शीट्स फाईलच्या नव्या टॅबमध्ये चूजकॉल्स (CHOOSECOLS, तक्त्यातले हवे तेवढेच कॉलम उचलणारं फंक्शन) लिहिलं. कंसात आधी मूळ तक्ता, मग १, २ आणि उणे १. उणे १ म्हणजे शेवटून पहिला कॉलम! एंटर मारताच तिन्ही कॉलम खालपर्यंत भरले. मूळ शीटमध्ये एकांचा भरणा नोंदवला, इथला आकडाही लगेच बदलला. कॉपी-पेस्टमध्ये हे कुठलं व्हायला! (एक्सेल २०१९ वाल्यांनो, तुमच्याकडे हे फंक्शन नाही, इंडेक्स वापरा.)

ग्रुपवर मात्र फाईल नाही, फक्त त्या टॅबची पीडीएफ टाकली. फाईल दिली की मूळ टॅबही सोबत जातो.