खाकी सर्व्हिस ड्रेस कॅप : स्वेटबँड अखेर जागेवर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या खाकी पीक कॅपचं, म्हणजे पुढे कडक झाप (पीक) असलेल्या गणवेशाच्या टोपीचं, दुरुस्तीचं काम बरंच पुढे सरकलं आहे. सगळ्यात अवघड होता तो चामड्याचा स्वेटबँड, म्हणजे टोपीच्या आत कपाळाला टेकणारी पट्टी. तो आता शिवून झाला, म्हणून तपशिलात लिहितो.

टोपी हाती आल्यावर पाण्याचा थेंबही लावला नाही. आधी अंधारात यूव्ही टॉर्च फिरवला. हल्लीच्या डिटर्जंटमध्ये आणि पुष्कळशा नव्या दोऱ्यांत ऑप्टिकल ब्राइटनर (कापड उजळ दिसावं म्हणून घातलेली रसायनं) असतात, ती यूव्ही प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. इथे काहीच चमकलं नाही. एवढ्यावरून टोपी अस्सल ठरत नाही, पण अलीकडची धुलाई किंवा शिलाई दिसत नाही, एवढा दिलासा मिळाला.

कडेला कसर (लोकर खाणारी कीड) लागलेली होती. ती थंडीने मरावी म्हणून टोपी पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. टोपी आतल्या आत खोलीच्या तापमानाला आली पाहिजे, नाहीतर बाहेरच्या हवेतली वाफ थेट लोकरीवर धरते. मग व्हॅक्यूमच्या तोंडावर बारीक जाळी बांधून, मऊ ब्रशने धूळ तिच्याकडे ढकलत सफाई केली. शिवणीत अडकलेल्या अळ्यांनी टाकलेल्या कातीही निघाल्या.

आता स्वेटबँड. पुढच्या भागाला रेड रॉट झाला होता, म्हणजे आम्लामुळे चामडं कुजून त्याचा भुगा होत होता. बोट फिरवलं की तांबूस भुगा हाताला येई आणि टाक्यांच्या भोकांपाशी चामडं फाटत चाललं होतं. अशा चामड्याला पाणी लागलं तर ते काळं पडून कडक होतं. तेल पाजायचा सल्ला नेहमी मिळतो, मला तो मान्य नाही. तेलाने आतलं आम्ल जात नाही, उलट ते झिरपून लोकरीत उतरतं आणि तो डाग जन्माचा. मी क्लूसेल-जी (चामडं बांधून धरणारा सेल्युलोजचा पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अगदी पातळ विरघळवून मऊ कुंचल्याने दिलं. एक हात पूर्ण सुकल्यावरच दुसरा. भुगा थांबल्यावर फाटलेल्या जागी मागून जपानी कागदाची पट्टी, त्याच क्लूसेलच्या दाट जेलने. जपानी कागदाचे तंतू लांब असतात, त्यामुळे पट्टी पातळ असूनही ताण सोसते.

शिवण जुन्याच भोकांतून, वाकड्या सुईने. नवं भोक पाडलं की चामडं तिकीट फाडावं तसं भोकांच्या रेघेवर सुटतं. दोरा सुती घेतला. पॉलिएस्टर मजबूत असतो हे खरं, पण इथे मजबुती नको आहे. उद्या ताण आलाच तर दोरा तुटावा, चामडं नाही. टाकाही घट्ट ओढला नाही.

कपाळाशी आलेला घामाचा गडद पट्टा तसाच ठेवला आहे. ती टोपी कोणीतरी खरोखर घातली होती, याचा तेवढाच पुरावा तिच्यावर उरला आहे. तो पुसायला माझा ठाम विरोध आहे.

बिल्ल्याबद्दल कळकळीने सांगतो. अधिकाऱ्यांच्या सर्व्हिस ड्रेसवरचे (खाकी गणवेशावरचे) बिल्ले मुद्दाम गडद ब्राँझ फिनिशचे असत. ते मळकं पितळ समजून पॉलिशने घासले की मूळ फिनिश गेलं, ते परत येत नाही. मी फक्त कोरडा ब्रश फिरवला आणि मागच्या कड्यांवरची हिरवी कळक लाकडी टूथपिकने खरवडली. त्या वेळी बिल्ल्यामागे पातळ मायलर (प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा) सरकवला, म्हणजे कापड घासलं जात नाही.

कसरीची भोकं अजून बाकी आहेत. बारीक भोकांना रफू पुरेल, पण कडेच्या मोठ्या भोकाला आतून रंग जुळणारी लोकर लावून कडा बारीक टाक्यांनी टिपायचा विचार आहे. तोवर टोपी आम्लमुक्त टिश्यू भरून, पीकवर भार येणार नाही अशी ठेवली आहे. कोणी खाकी बाराथिआवर (गणवेशाच्या बारीक विणीच्या लोकरी कापडावर) असं ठिगळ लावलं असेल तर दोरा लोकरीचा वापरला की रेशमी, ते कळवा.