तुम्ही विचारलंत म्हणून: रेसच्या गाडीचं सस्पेन्शन आपल्या गाडीला का नाही?

मी सस्पेन्शनची कामं करतो. शॉकअप बदलायला आलेली तरुण मुलं हटकून विचारतात, "फॉर्म्युला वनचं सस्पेन्शन एवढं भारी, मग आपल्या गाडीला का देत नाहीत?"

आधी तुमच्या हॅचबॅकचं बॉनेट उघडा. दोन्ही कडांना गोल माथे दिसतील. त्यांच्याखाली स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, तो मॅकफर्सन स्ट्रट. फोर्डच्या गाड्यांत हा १९५० च्या सुमारास आला. चाकाला गाडीशी जोडणारा वरचा दांडा, म्हणजे आर्म, नाहीच; खाली एक लोअर आर्म. भाग कमी, आणि मधे आडवं इंजिन मावतं. उणीव एकच: वळणावर गाडी कलली की चाकही कलतं आणि टायर कडेवर येतो.

रेसच्या गाडीला ते परवडत नाही. तिथे वर-खाली दोन विशबोन, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराचे आर्म असतात, वरचा सहसा आखूड. चाक वर चढलं की त्याचा माथा आत ओढला जातो आणि टायर रस्त्याला सपाट राहतो. (फॉर्च्युनरलाही पुढे दोन विशबोनच आहेत, म्हणजे ही काही रेसचीच मक्तेदारी नाही.) फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंग चाकापाशी नसते. एक तिरका दांडा बॉडीच्या आतला रॉकर, म्हणजे एक फिरता तुकडा, फिरवतो आणि रॉकर टॉर्शन बारला, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईला, पीळ देतो. त्यामुळे हवेच्या वाटेत अडथळा कमी. गाडीचा तळ जमिनीपासून किती वर आहे, त्यावर हवा गाडीला किती खाली दाबते ते ठरतं. काही मिलिमीटरचा फरकही पकड बदलतो, म्हणून सगळं दगडासारखं कडक. २०२१ पर्यंत रिम १३ इंची होत्या, तेव्हा टायरची उंच बाजूच स्प्रिंगचं बरंच काम करायची.

पण माझ्या मते खरा फरक बुशमध्ये, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरात आहे. लोअर आर्मचा जुना बुश मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि दाबायला सांगतो. ते रबर खड्ड्याचा हादरा गिळतं, पण चाकाला केसभर हलूही देतं. रेसमध्ये ते केसभरही चालत नाही, म्हणून तिथे धातूचे बॉल जॉइंट. एकाने तसे बाहेरून बसवून आणले होते. पहिल्याच पावसाळ्यात चिखल शिरला, खडखड सुरू झाली आणि स्टिअरिंगवर प्रत्येक खडा जाणवू लागला. त्याच्या आईला तर गाडीत बसवेना.

परवा एक मुलगा महागडे शॉकअप घ्यायला आला. गाडी एका बाजूला ओढते म्हणाला. बघतो तर बुश चिरलेला. दोन्हीकडचे बुश बदलले, अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांची दिशा जुळवली. आठवड्याने त्याचा फोन आला, "काका, घाटात आता एकदम सरळ जाते."